गळाला लागली बाभळ!

सोलापूरला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाच्या सरांची गरज नाही. आमच्याकडे ऊन आहे, चादरी आहेत, शेंगाची चटणी आहे, जानेवारीत गड्डा आहे आणि चार-चार, पाच-पाच दिवसांनी दर्शन देणारा नळ आहे. अशा गावात भर एप्रिलमध्ये कुणी "रविवारी फिशिंगला जाऊ या का?" असं विचारलं, तर समोरचा आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघणार, ऊन लागलं की काय! आमच्या सीआरने कॅन्टीनमध्ये हा प्रस्ताव मांडला तेव्हा आम्हीही तेच केलं.

बिचाऱ्याने दोन रात्री जागून मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघितले होते. कुठलं तरी हार्बर, पांढरीशुभ्र बोट, टोप्या घातलेले चार मित्र, हातात चकचकीत रॉड, शेजारी बर्फाच्या डब्यात कोल्ड्रिंक... आणि दर पाच मिनिटांनी एक हातभर मासा! (मधले पाच तास कापलेले असतात, हे एडिटिंग करणारा सोडून कुणाला कळत नाही.)

"पण आपल्याकडं हार्बर कुठंय बे?" टॉपरने विचारलं. तिचे प्रश्न असेच मुद्द्याचे असतात, म्हणून तर ती टॉपर. सीआर गप्प झाला. तेव्हा कोपऱ्यात वडापाव खात बसलेला पाव्हणा म्हणाला, "हार्बर न्हाय, पण आमच्याकडं उजनी हाय की."

पाव्हणा म्हणजे आमच्या सिव्हिलच्या वर्गातला डिप्लोमावाला. फर्स्ट इयरला तो नव्हता, एकदम सेकंड इयरला येऊन बसला, म्हणून पाव्हणा. करमाळा तालुक्यातला, उजनीच्या काठचा. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात तो 'शेती' लिहायचा. त्या दिवशी कळलं की शेती आहे, पण ती दीड एकर, आणि घर चालतं ते मासेमारीवर. स्वतःची होडी आहे. 'स्वतःची होडी' हे शब्द ऐकताच सीआरच्या डोळ्यांत ती पांढरीशुभ्र बोट तरंगायला लागली, ते आम्हाला सगळ्यांना दिसलं!

आता मंडळी, उजनीबद्दल थोडं. आम्हा सोलापूरकरांसाठी उजनी हे धरण नसून एक आकडा आहे. पेपरमध्ये रोज येतो. 'उजनी ४० टक्के', 'उजनी शून्यावर', 'उजनी उणे २०'. मी कॉन्व्हेंटची विद्यार्थिनी. शाळेच्या आवारात मराठी बोललं की रुपया दंड होता, त्यामुळे घरी आल्यावर मराठी पेपर मोठ्याने वाचायचा, अशी बाबांची शिक्षा. तेव्हा मला वाटायचं, धरणातलं पाणी उणे कसं होईल? बादलीत उणे दोन तांबे पाणी असतं का? इंजिनिअरिंगला आल्यावर उलगडा झाला. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळजवळ ६३ टीएमसी, हा 'मृतसाठा'. उपयुक्त साठा त्याच्या वरचा, ५३ टीएमसीच्या आसपास. टक्केवारी मोजतात ती या वरच्या साठ्याची. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्याला हात लागला की उणे. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे ५० च्याही खाली गेला होता. मृतसाठा हा शब्द मात्र ज्याने कुणी काढला त्याने कधी तिथे गळ टाकला नसणार. त्या मेलेल्या पाण्यातच सगळे मासे जिवंत असतात!

तर एप्रिलमधल्या एका रविवारी पहाटेच्या गाडीने आम्ही चौघं निघालो. मी, टॉपर, सीआर आणि पाव्हणा. आईची अट एकच, रात्रीच्या गाडीने परत यायचं आणि टॉपरचा दादा स्टेशनवर घ्यायला हवा. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, मग कुंकवाचं केम आणि मग जेऊर. जेऊरला उतरून वडाप पकडायचं. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: वडाप म्हणजे नऊ माणसांची जीप, जिच्यात अठरा माणसं बसल्याशिवाय ड्रायव्हर किल्ली फिरवत नाही.) सीआर टपावर बसायचा हट्ट करत होता, पण टपावर आधीच दोन शेळ्या होत्या.

पाव्हण्याच्या घरी गेलो आणि एक गंमत झाली. कॉलेजात पाव्हणा तो, इथे पाव्हणे आम्ही! काकूंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला, मग पोहे, मग परत चहा. आजी ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "सोलापूरची का गं तू? म्हंजी आमचंच पानी पितीस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? उजनीची पाइपलाइन आमच्या नळापर्यंत येते, आणि आजींचं जुनं गाव, घर, पांदीची वाट सगळं त्याच पाण्याखाली आहे. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला संपलं. आजी नव्या नवरी म्हणून जुन्या गावात आल्या आणि लेकरं कडेवर घेऊन नव्या गावठाणात आल्या. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. 'पूर्वी आम्ही त्या गल्लीत राहायचो' असं आपण सांगतो ना, तसं सांगितलं.

काका रात्रीची जाळी काढून सकाळीच परतले होते. भिगवणच्या बाजारात माल गेला होता. आम्हाला वाटलं, आता लगेच निघायचं. काका म्हणाले, "उन्हात मासा खाली बसतोय. तीन वाजता जाऊ." मग जेवलो, बाभळीच्या सावलीत पडलो आणि गळ तयार केले. रॉड नव्हताच. एका काठीला नायलॉनचा तंगूस, टोकाला गरी, वर तरंगायला थर्माकोलचा तुकडा. वजनाला शिसं कमी पडलं तेव्हा सीआरच्या बॅगेतून एक नट निघाला. बॅगेत नट का होता, हे विचारू नये, इंजिनिअरच्या बॅगेत काहीही असतं! आमिषाला धाकट्याने, म्हणजे पाव्हण्याच्या सहावीतल्या भावाने, मोरीच्या मागची ओली माती उकरून गांडुळं आणली. टॉपरने एका हाताने नाक धरून दुसऱ्या हाताने गांडूळ गरीत ओवलं. मी ते पाहून ठरवलं की आपण कणकेचा गोळा लावायचा.

तीन वाजता काठावर आलो. पाणी बरंच मागे सरकलं होतं, भेगाळलेल्या चिखलावरून चालत जावं लागलं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते, नुसती गुलाबी रेघ दिसत होती. पाण्याला हिरवट रंग आणि थोडा वास. "ही पुण्याची भेट," पाव्हणा म्हणाला. मुळा-मुठेचं सगळं पाणी भीमेतून इकडेच येतं. आणि होडी? सीआरचा चेहरा पाहण्यासारखा झाला. डांबर लावलेली जुनी लाकडी होडी, दोन वल्ही आणि तळाशी पाणी उपसायला कापलेला ऑइलचा कॅन. मागच्या बाजूला इंजिन बसवायची लाकडी फळी होती, इंजिन मात्र नव्हतं. आम्ही कुणी विचारलं नाही.

इथे काकांनी दुसरा धक्का दिला. होडीत लाइफ जॅकेटं दोनच. म्हणून पाव्हण्यांपैकी दोघंच येणार. "पहिल्या खेपेला ह्या दोन पोरी. दुसऱ्या खेपेला सीआर." (काकांना वाटत होतं सीआर हे त्याचं नाव आहे.) सीआर म्हणाला, "काका, मला पोहता येतं, जॅकेट नको." काका म्हणाले, "हितं समद्यांनाच पोहता येतं." आणि गप्प झाले.

नंतर पाव्हण्याने सांगितलं. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला जाणारी होडी वाऱ्यात उलटली होती. सात जण होते, एक पोहून काठाला लागला, सहा गेले. एनडीआरएफची माणसं आली होती. त्याआधी २०१७ मध्ये अकलूजहून सहलीला आलेल्या डॉक्टरांची होडी उलटून चौघं गेले होते. काठावरच्या माणसांना रस्त्याने पलीकडच्या इंदापूर तालुक्यात जायचं तर मोठा वळसा पडतो, म्हणून होडी म्हणजे त्यांची एसटीच. ती बंद करून चालत नाही. मला हे आधी माहीत नव्हतं असं नाही. २०२४ ला पेपरमध्ये वाचलं होतं, त्या टक्केवारीच्या आकड्याच्याच शेजारी.

तर पहिली खेप. काका वल्ह्यावर, पुढे पाव्हणा, मध्ये आम्ही दोघी नारिंगी जॅकेटात. होडीत बसताना मी उभी राहिले तर होडी अशी डुलली की पोटातले पोहे वर आले. "बसून ऱ्हा!" काका ओरडले. टॉपर मला समजावायला लागली की आपण उभं राहिलो की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी वर जातो, मेटासेंट्रिक हाइट कमी होते आणि स्टॅबिलिटी... मी म्हटलं, बाई गं, फ्लुइड मेकॅनिक्स मीपण पास झालेय, पण ते पहिल्यांदाच पोटात कळतंय.

काठापासून आत गेलं की सगळे आवाज बंद होतात. फक्त वल्ह्याचा चुबुक-चुबुक आवाज आणि मधूनच पाणकावळा. एका ठिकाणी काकांनी दगड बांधलेली दोरी खाली सोडली, होडी थांबली, आम्ही गळ टाकले. आणि मग?

मग काहीच नाही. वीस मिनिटं काहीच नाही. व्हिडिओत कापलेले ते पाच तास म्हणजे हेच! पण खरं सांगू का, कंटाळा आला नाही. थर्माकोलच्या त्या पांढऱ्या तुकड्याकडे मी ज्या एकाग्रतेने पाहिलं, त्या एकाग्रतेने फळ्याकडे पाहिलं असतं तर टॉपरचं काही खरं नव्हतं.

आधी टॉपरला लागला. तुकडा दोनदा थरथरला, बुडाला, तिने काठी उचलली आणि वीतभर चिलापी हवेत! ती किंचाळली, मी किंचाळले, चिलापी होडीत थयथय नाचली. धरायला गेले तर पाठीवरचे काटे हातात घुसले. पाव्हण्याने शिकवलं, डोक्याकडून हात सरकवत न्यायचा, म्हणजे काटे मिटतात. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतला मासा. भारतात आणला १९५२ मध्ये. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं जगतात जास्त आणि मासा वाढतो भराभर. काका म्हणाले, पूर्वी जाळ्यात कटला, रोहू, मरळ, वाम असं सगळं यायचं. आता बघावं तेव्हा चिलापी. "आन् त्यात वडापवाल्यांनी पार वाटुळं केलं."

मी म्हटलं, "हो ना काका, येताना आमच्या जीपमध्ये पण अठरा जण होते."

काका वल्हं सोडून माझ्याकडे बघत राहिले. पाव्हणा हसून हसून होडीत आडवा झाला. इकडे वडाप म्हणजे बारीक आसाचं एक जाळंही असतं, अगदी बोटभर पिल्लंही ओढून काढणारं. ते वापरायला बंदी आहे, तरी चालतं. पिल्लंच उचलली तर मोठा मासा येणार कुठून? जेऊरचं वडाप आणि उजनीचं वडाप, दोन्हींचा नियम एकच, मिळेल ते आत कोंबा.

तासाभरात टॉपरच्या तीन चिलापी झाल्या. माझा कणकेचा गोळा मासे शिस्तीत खाऊन जात होते, गरी चकचकीत धुऊन परत देत होते. आणि मग अचानक माझा तुकडा गपकन खाली गेला. ओढलं तर हलेना! काठी वाकली. "काका, मोठा आहे! कटला असेल!" मी जोर लावला, टॉपरने माझी कंबर धरली, होडी तिरकी झाली. काकांनी शांतपणे हात पुढे करून तंगूस दोन बोटांत धरला, एकदा इकडे, एकदा तिकडे हलवून पाहिला आणि म्हणाले, "बाभळ हाय."

खाली पाण्यात उभी वाळलेली बाभळ. खोडं अजून आहेत, जाळी अडकतात, म्हणून प्रत्येक बाभळ कुठे आहे ते काकांना पाठ आहे. "ही आमच्या खालच्या वावराच्या बांधावरची. ह्या अंगाला हीर होती." होडीतून त्यांनी बोट दाखवलं, 'आमच्या गेटसमोर' असं आपण दाखवतो तसं. काका धरण भरलं तेव्हा लहान होते, पण बांध त्यांना अजून माहीत आहेत. मी तंगूस तोडला. गरी आणि सीआरचा नट त्यांच्या बांधावर राहिला.

नवी गरी बांधत होते, इतक्यात काकांनी दगड वर ओढला. "चला." आम्ही दोघी एका सुरात "काका, अजून थोडा वेळ!" टॉपरला नुकताच चौथा लागत होता. पाव्हणाही म्हणाला, "बापू, पाच मिनिटं." काकांनी उत्तर दिलं नाही, होडी वळवली होती. मला आभाळ स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पलीकडच्या इंदापूरच्या काठाकडे मान वळवली, म्हणून मी पाहिलं. तिथला काठच दिसत नव्हता. मातकट पडदा ओढल्यासारखं झालं होतं. पाण्यावर एकही पक्षी नव्हता.

काका आणि पाव्हणा दोघांनी एकेक वल्हं घेतलं. बापलेक एका तालात वल्हवत होते, पाव्हण्याला मी इतक्या सफाईने काही करताना पाहिलं नव्हतं, ड्रॉइंगसुद्धा नाही. काठाला लागलो तेव्हा पहिली झुळूक आली, गार आणि मातीच्या वासाची. होडी चिखलात ओढून घेतली. सीआर जॅकेट घ्यायला हात पुढे करून उभा होता, दुसऱ्या खेपेसाठी! काकांनी जॅकेटं काखेत मारली आणि म्हणाले, "आता न्हाय." सीआरचं तोंड एवढंसं झालं. ज्याने ट्रिप काढली, तो होडीत बसलाच नाही.

दहाच मिनिटांत वारं आलं. वळवाचं वारं मी आयुष्यभर पाहिलंय, आमच्या गच्चीवरचे कपडे शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेणारं. पाण्यावरचं पाहिलं नव्हतं. मघाचं ते गपगार हिरवं पाणी राखाडी झालं, त्यावर पांढरे तुरे उठले आणि काठावर लाटा आपटायला लागल्या, उजनीत, लाटा! आम्ही घराकडे पळणार, तेवढ्यात काकू ओट्यावरून ओरडल्या, "तात्या आलं का?"

तात्या म्हणजे शेजारचे. दुपारी दोनलाच एकटे जाळी सोडायला गेले होते, लांब, त्या बेटासारख्या उंचवट्याच्या पलीकडे. मोबाइल भिजतो म्हणून ते घरी ठेवून जातात. तो घरातच वाजत होता.

काठावर बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. तात्यांच्या घरच्या काकी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि आमच्या काकू त्यांचा दंड धरून. काका पाण्याकडे बघत होते, एकदा होडीकडे, परत पाण्याकडे. दोन पावलं होडीकडे गेले आणि थांबले. वल्ह्यावर या वाऱ्याच्या तोंडावर होडी पुढे जाणारच नाही, हे मलाही कळत होतं.

माझ्या शेजारी धाकटा उभा होता. तो म्हणाला, "इंजिन असतं तर बापू गेलं असतं की आणायला."

"मग इंजिन कुठंय रे?" सीआरने विचारलं.

"इकलं. दादाच्या ॲडमिशनला."

पाव्हणा आमच्यापासून चार हातांवर होता. त्याने ऐकलं. त्याने मान वळवली नाही. सीआरने आपल्या बुटाची लेस सोडली आणि परत बांधली.

टॉपरने मोबाइल काढला होता. मला वाटलं व्हिडिओ काढतेय, राग आला. पाहिलं तर कॅल्क्युलेटर. धरणाचा फ्रीबोर्ड काढताना लाटांची उंची काढतात ना, ते मोलिटरचं सूत्र. वाऱ्याचा वेग आणि फेच, म्हणजे वारा किती लांब उघड्या पाण्यावरून येतो ते अंतर. आम्ही परीक्षेत दहा मार्कांना सोडवतो. तिने वेग ताशी ५० किलोमीटर धरला, फेच १० किलोमीटर. उत्तर आलं जवळजवळ १ मीटर. तिने स्क्रीन मला दाखवली, बोलली काहीच नाही. मघाशी आम्ही बसलो होतो तेव्हा होडीचा काठ पाण्यापासून जेमतेम दीड वीत वर होता. मी माझ्या हाताने मोजला होता, गंमत म्हणून.

पाऊण तास. वाऱ्याबरोबर टपोरे थेंब आले आणि गेले. कुणी घरात गेलं नाही. मग धाकटाच पहिल्यांदा ओरडला, "ते बगा!" उंचवट्याच्या आडोशाने, काठ धरून धरून, एक काळा ठिपका येत होता. दिसायचा, लाटेआड जायचा, परत दिसायचा. काका आणि पाव्हणा कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि त्यांनी होडी धरली. आत निम्म्याला पाणी भरलं होतं. तात्या भिजून चिंब, ओठ निळे, आणि होडीत एकही जाळं नाही.

जाळी ओढून घ्यायला वेळ नव्हता. ओझ्याने होडी बसली असती. त्यांनी विळ्याने दोर कापून सातच्या सात जाळी सोडून दिली होती आणि उंचवट्याच्या आड येऊन थांबले होते, वारं थोडं पडेपर्यंत. काकी त्यांच्यावर ओरडायला लागल्या, "कशाला गेलता मरायला!" आणि रडायला लागल्या. तात्या म्हणाले, "च्या ठिव."

संध्याकाळी टॉपरच्या तीन चिलापी काकूंनी लाल तिखट-मीठ लावून तव्यावर तळल्या. सकाळचे आणखी होते, त्यांचं कालवण. टॉपर शाकाहारी! तिने धरले, आम्ही खाल्ले. तात्या पण आमच्याच पंगतीला होते, कोरडा शर्ट काकांचा घातलेला, खांद्यात ढगळ. मला म्हणाले, "काय धरलं मग तू?" मी म्हटलं, "बाभळ." पहिल्यांदाच सगळे मोकळे हसले. तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "कंच्या अंगाची? हिरीजवळची? तिनं माझी तीन जाळी खाल्ली हायती." नव्या जाळ्यांना किती पैसे पडतील याचा हिशेब मग ताट बाजूला सारून काका आणि ते दोघं करत बसले. त्यात आम्हाला जागा नव्हती. सीआरने हळूच विचारलं, आपण वर्गणी काढू या का. पाव्हणा म्हणाला, "नको. तात्या घ्यायचं न्हाईत, आन् मला लाज आणशील."

रात्रीच्या गाडीला आम्ही तिघंच होतो. पाव्हणा थांबला. पहाटे वारं पूर्ण पडलं की जाळी शोधायला दोन होड्या जाणार होत्या आणि वल्ह्याला माणूस हवा होता. सोमवारी आमचं जिओटेकचं प्रॅक्टिकल होतं. सीआर म्हणाला, मी सरांना सांगतो, पण त्याने काय सांगायचं ते कुणालाच सुचलं नाही. केमच्या पुढे गाडी बराच वेळ उभी राहिली. काकूंनी दिलेला कालवणाचा डबा माझ्या मांडीवर होता, त्याचा वास आख्ख्या डब्यात पसरला होता. समोरच्या आजोबांनी विचारलं, "उजनीची का?" मी हो म्हटलं.

पाव्हणा बुधवारी आला. तळहातांना दोरीचे काप, नाकाचं टोक उन्हाने सोललेलं. सरांनी जर्नलवर सही करताना विचारलं, "दोन दिवस कुठं होतास?" तो म्हणाला, "घरी काम होतं सर." नंतर कॅन्टीनमध्ये त्याने सांगितलं, सातपैकी चार जाळी सापडली. दोन बाभळीत, दोन पार पलीकडे इंदापूरच्या काठाला वाहत गेलेली. मरून फुगलेले मासे काढून टाकण्यातच एक दिवस गेला. एका जाळ्यात मात्र मोठा कटला होता, जिवंत.

"किती किलोचा?" सीआरने विचारलं.

"साडेचार."